खोळीवरचा शिक्का

अमेरिकन लष्कराची पाण्याची बाटली कशी ओळखायची, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. एका बाजूने पोट खोलगट, म्हणजे कमरेला नीट चिकटून बसावी अशी. ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची. बुचाला बारीक साखळी. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाल्यावर धातूचं बूच गेलं आणि काळ्या प्लॅस्टिकचं आलं. अंगावर कुठेतरी ठोकलेली यू.एस. ही दोन अक्षरं, त्याखाली कारखान्याची खूण आणि साल. हे सगळं मी वहीत आकृत्या काढून लिहून ठेवलं आहे. इतकं येत असूनही अशाच एका बाटलीवरून मी एका म्हाताऱ्या माणसाचा बाप त्याच्यापासून हिरावून घेतला. ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

मी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला, लष्करी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणीचं काम करायचो. कामगार मला तोंडावर साहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेरून डबे, पेट्या, झाकणं, कड्या असला माल यायचा. तो मी बघायचा आणि दोनांपैकी एक शिक्का मारायचा, पास किंवा नापास. ‘बहुतेक’, ‘असेल बुवा’, ‘दिसतं तरी तसं’ यांच्यासाठी शिक्का नव्हता. आणि एक नियम होता, जो त्या कामापुरता अगदी रास्त होता. पेटीवरची खूण मागवलेल्या मालाशी जुळली नाही, तर पेटी उघडायचीसुद्धा नाही. आत सोनं असलं तरी नाही. जशी आली तशी परत. हा नियम माझ्या इतका अंगात मुरला होता की पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईच्या डब्यावर भलत्याच दुकानाचं नाव दिसलं तरी माझ्या कपाळाला आठी पडे. बायको म्हणायची, ‘अवो, ते फॅक्टरीचं डोकं गेटावर ठेवून येत जा ना.’

रिटायर झाल्यावर साकोलीला घर बांधलं. पहिले सहा महिने बरे गेले. मग मी दूधवाल्याचं माप तपासू लागलो, नळाच्या तोट्या तपासू लागलो, शेजाऱ्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघितला, आणि बायकोने हात जोडले. अशात एकदा कामानिमित्त मोहाडीला गेलो होतो. बाजारात एक बाई लाखोळीची डाळ मोजून देत होती. तिच्या हातातलं माप विचित्र होतं, गोल नाही, वालाच्या दाण्यासारखं वाकडं, आणि बाजूला घडी होणारी मूठ. उलटून पाहिलं तर मुठीवर यू.एस. आणि लढाईच्या काळातलं साल. बाईला नवंकोरं स्टीलचं माप घेऊन दिलं आणि ते भांडं घरी आणलं. ती मला वेडा समजली. बायकोने तर तसं बोलूनच दाखवलं.

त्या दिवसापासून मला धंदा मिळाला. मोबाईलवर असल्या वस्तू जमवणाऱ्या लोकांचे गट असतात, त्यांत शिरलो. वाचत गेलो. लढाई संपल्यावर अमेरिकन फौजेने आसाम-बंगालकडे ढीगभर सामान मागे सोडलं. ते लिलावात निघालं, व्यापाऱ्यांनी उचललं आणि देशभर पसरलं. काही फौजी माणसांच्या, मजुरांच्या पिशव्यांतून गावोगाव गेलं. भंडाऱ्याच्या भंगारवाल्याकडे मला पेट्रोलचा एक कॅन मिळाला. अमेरिकन कॅनला तळाशी दुमडून दाबलेली कड असते, मधोमध जोड नसतो, त्यावरून ओळखला. जेवणाचा घडीचा डबा मिळाला, त्यात कोणीतरी कोंबड्यांना दाणे टाकत होतं. बंदुकीच्या गोळ्यांची एक पेटी मिळाली, तिच्यात एका सुताराचे खिळे होते. घरातलं एक कपाट भरलं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं वळणदार अक्षर. लोक फोटो पाठवून विचारू लागले, साहेब, हे खरं की खोटं? आणि मी एका ओळीत उत्तर द्यायचो. त्या एका ओळीची मला फार चटक लागली होती.

वस्तूंबद्दल मी एवढं वाचलं, पण त्या वापरणाऱ्या माणसांबद्दल एक पान वाचलं नाही, हेही इथेच कबूल करतो.

साकोलीच्या बाजारात एका ढिवर बाईकडून मी मासे घ्यायचो. ती एकोडीजवळच्या एका तलावाकाठच्या गावची. नवरा नागपूरला कामाला, घरी म्हातारा सासरा, तिचे मामाजी, आणि ती. सासरा जाळी विणायचा, ती मासे विकायची. जीभ तिखट होती तिची. मी मासा उलटापालटा करून बघू लागलो की म्हणायची, ‘साहेब, मासा घेता का त्याचा नंबर पाहून राहिले?’ माझं वेड बाजारभर माहीत झालंच होतं. एक दिवस तराजू खाली ठेवून ती म्हणाली, ‘आमच्या मामाजीपाशी अमेरिकेची बाटली हाये जी. पाहाले येता का?’

मी दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढली.

म्हातारा ऐंशीच्या आसपासचा, काटक, डोळ्यांवर जाड चष्मा. अंगणात जाळं पसरून बसला होता. मी अमेरिकन वस्तू ओळखतो हे सुनेने सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्याने माझं स्वागत डॉक्टर यावा तसं केलं. बाटली आत खुंटीवर होती, ती आणायच्या आधी त्याने मला तिची गोष्ट सांगितली.

‘म्या पाळण्यात होतो तई बाप गेला जी. ठेकेदार आला होता, आसामात सडक बनवाची हाये म्हणे. तीन सालानं परत आला, नुसती हाडं. तिकडे ताप लय. तापानं सडकेच्या कडेले पडला होता, बाकीचे निंगून गेले. तं एक अमेरिकेचा शिपाई आला. आपल्या हातानं पाणी पाजलं, अन् बाटली त्याच्याच उशाले ठेवून देल्ली. बाप म्हणे, तो शिपाई आपल्यासारखाच काळा होता. अमेरिकेचा, अन् काळा! हे गावात कोनीच मानलं नाही.’

गावाने काय मानलं, तेही त्याने सांगितलं. बाप ‘गोरा साहेब’ म्हणाला असता तर कदाचित खपलं असतं. काळा साहेब म्हटल्यावर सगळीच गोष्ट थापेबाजी ठरली. कोणी म्हणालं, हा नागपूरच्या गिरणीत होता आणि तिकडे दुसरी बाई होती. कोणी म्हणालं, जेलात होता. बाप मरेपर्यंत तेच सांगत राहिला आणि लोक मरेपर्यंत हसत राहिले. या म्हाताऱ्याला शाळेत पोरं ‘ए अमेरिका’ म्हणून हाक मारत, म्हणून त्याने शाळा सोडली. हे सांगताना तो हसला, पण मला ते हसू बघवलं नाही.

‘तुमी फॅक्टरीचे साहेब,’ तो म्हणाला. ‘इथं घरात नोका पाहू. पारावर चला. चार लोकाइसमोर पाहा अन् सांगा. एकडाव सांगा, बस.’

म्हणजे त्याला बाटलीची ओळख नकोच होती. ती त्याला होतीच. त्याला गावासमोर आपल्या बापाची ओळख पटवून हवी होती. हे मला तिथेच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण पारावर, लोकांसमोर, भिंग काढून बसायचं म्हटल्यावर माझी छाती दोन बोटं फुगली.

पारावर आठ-दहा माणसं जमली. सून चहा घेऊन आली. मी वर्तमानपत्र पसरलं, भिंग, टॉर्च, मोजपट्टी, वही असं सगळं ओळीने मांडलं. म्हाताऱ्याने बाटली माझ्या हातात दिली. बाटली म्हणजे दिसत होती ती जाड खाकी कापडाची खोळच. खोळीचं तोंड बुचाच्या मानेपर्यंत गच्च शिवून टाकलं होतं, जाळं विणतात त्या दोऱ्याने, बारीक, नेटके टाके. बाटलीचं अंग कुठूनच दिसत नव्हतं. खोळीवरून पोट खोलगट लागत होतं, पण तसं ते आपल्याकडच्या लष्करी बाटल्यांचंही असतं. बूच हरवलेलं, त्या जागी लाकडाचा गुडदा.

मी दोऱ्याला हात लावताच म्हातारा म्हणाला, ‘उसवू नोका जी. बापानं सोताच्या हातानं शिवलं हाये.’

‘गरज नाही,’ मी म्हणालो.

खोळीवर भिंग फिरवलं. अमेरिकन खोळीला एका विशिष्ट जातीची टिचबटणं असतात. हिला साधी पितळी बटणं होती. कापडाची वीण वेगळी. आणि मागच्या बाजूला, फिकट झालेला पण वाचता येणारा, पक्ष्याच्या पायासारखा बाण आणि त्याच्याजवळ एक अक्षर. हा शिक्का बघून मला जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. हा आपल्याकडचा शिक्का, आपल्या देशातल्या लष्करी मालाचा. ज्या शिक्क्यांत माझी हयात गेली त्यांचाच हा आजा-पणजा. पेटीवरची खूण जुळत नव्हती. पेटी उघडायची नाही.

मी भिंग खाली ठेवलं आणि फॅक्टरीतल्या आवाजात म्हणालो, ‘ही अमेरिकेची नाही. हा शिक्का आपल्याकडचा. ही इथेच बनलेली आहे.’

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

कोणीतरी लगेच म्हणालं, ‘मंग कामठीच्या छावणीच्या बाजारातून आनली असन बुढ्यानं!’ आणि सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टपणा फारसा नव्हता. जुनीच थट्टा होती, पण त्या दिवशी तिला सरकारी शिक्का मिळाला होता, आणि तो मारणारा मी होतो.

म्हातारा हसणाऱ्यांकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. ‘पक्कं का जी?’

मी त्या वेळी ‘खोळ उसवल्याशिवाय सांगता येणार नाही’ म्हणू शकलो असतो. ते खरंही होतं. ‘बहुतेक’ एवढा एक शब्द जोडला असता तरी त्याला धरायला काहीतरी राहिलं असतं. मी म्हणालो, ‘शंभर टक्के.’

मग बाटली उचलून त्याने माझ्या पुढ्यात ठेवली. ‘घेऊन जा साहेब. तुमच्याच कपाटात शोभन. आता घरी ठेवून काय कराचं?’

आणि मी घेतली. लाज वाटते लिहायला. नको म्हणायला हवं होतं, निदान एकदा तरी. माझ्या मनात आलं, आपल्याकडे देशी खोळीचा नमुना नाही, तुलनेला बरा पडेल. सुनेने कप गोळा केले. माझा कप उचलताना ती माझ्याकडे न बघता निघून गेली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, थोडं रंगवूनच. तिने भाजी चिरणं थांबवलं. ‘म्हणजे तुमी त्याच्या बापाले नापास करून आले?’ मी म्हटलं, खोटं सांगायचं होतं का मग? ती म्हणाली, ‘खोटं कोन सांगा म्हणते? पण एवढ्या लोकाइत बोलाचं काय अडलं होतं?’ मला राग आला. मी कपाटापाशी जाऊन चिठ्ठी लिहिली: ‘पाण्याची बाटली. स्थानिक बनावट. बहुधा लढाईनंतरची. महत्त्व नाही.’ पारावर जो ‘बहुधा’ मला सुचला नव्हता, तो चिठ्ठीवर मात्र व्यवस्थित सुचला.

पुढच्या बाजाराला त्या बाईकडे गेलो. तिने मासे दिले, बरोबर मोजून दिले, एक शब्द बोलली नाही. दोन-तीन बाजार असेच गेले. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. मग मी दुसऱ्या बाईकडून मासे घेऊ लागलो. बायको म्हणाली, ‘हे मासे बरोबर नाहीत.’ मी म्हटलं, सगळे एकाच तलावाचे असतात.

तीन वर्षं गेली. बाटली कपाटात मागच्या रांगेत होती. एका आषाढात दूरच्या एका संग्राहकाने निरोप पाठवला. त्याच्याकडे अमेरिकन शिपायांचं घडीचं फावडं जास्तीचं होतं, त्याला देशी खोळीची बाटली हवी होती. अदलाबदल करू म्हणाला. मला फावड्याचा मोह पडला. त्याने एवढंच सांगितलं, खोळ काढून बाटलीचे चारी बाजूंनी फोटो पाठवा.

जेवण झाल्यावर खिडकीपाशी बसलो, दाढीचं पातं घेतलं आणि तो जाळ्याचा दोरा कापला. म्हाताऱ्याने नको म्हटलं होतं, हे माझ्या लक्षात होतं. आता वस्तू माझी आहे, असं मी स्वतःला सांगितलं. टाके इतके घट्ट होते की एकेक वेगळा कापावा लागला. खोळ सोलून काढली, बाटली उजेडात धरली.

ॲल्युमिनियमच्या अंगावर यू.एस. स्पष्ट होतं. बोट फिरवलं तरी कळेल इतकं खोल. त्याखाली कारखान्याची खूण, त्याखाली साल, आणि ते साल लढाईतलं होतं. आणखी खाली, खिळ्याने कोरलेलं, एक अक्षर आणि चार आकडे. अमेरिकन शिपाई आपल्या वस्तूंवर आडनावाचं पहिलं अक्षर आणि आपल्या नंबराचे शेवटचे चार आकडे कोरत असत. हे ज्ञान मी आजवर निदान पन्नास जणांना दिलं असेन.

बाटली त्यांची, खोळ आपल्याकडची, यात गूढ काहीच नव्हतं. आसामच्या पावसात कापड किती टिकणार? एक खोळ कुजली की हाताशी येईल ती दुसरी घालायची. आपल्याकडच्या कारखान्यांतला माल त्यांच्या फौजेलाही मिळत होता. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण खोळीवर आपला शिक्का दिसला आणि माझं डोकं तिथेच थांबलं.

त्याच संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या सडकेबद्दल वाचलं. अर्धा तास लागला नाही. त्या सडकेवर राबलेल्या अमेरिकन शिपायांत बहुसंख्य काळे होते. फोटोसुद्धा होते. चिखलात उभे, बाह्या वर केलेले, आणि कितीकांच्या कमरेला हीच बाटली. त्या मजुराने गावाला शब्दन्शब्द खरं सांगितलं होतं, आणि त्याच्यानंतर इतक्या वर्षांनी त्याच्या बाजूने बोलायची संधी फक्त एका माणसाला मिळाली होती.

त्या रात्री नाही तरी दुसऱ्या सकाळी तरी मी जायला हवं होतं. फावड्याचा सौदा मोडला, तेवढं बरं केलं. पण गेलो नाही. आधी म्हटलं, धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, गाव शेतात असेल. जणू तो म्हातारा रोवणीला जात होता! मग पावसाने रस्ता खराब झाला म्हटलं. मग बायकोचे गुडघे दुखले. मग दिवाळी आली. खरी गोष्ट एवढीच की मला तो पार दिसत होता. ‘माझं चुकलं’ हे चार लोकांसमोर म्हणायची मला कधी सवय नव्हती. फॅक्टरीत मी नापास केलेला माल कोणी पास करून दाखवला असता तर मी आठवडाभर जेवलो नसतो. बायको शेवटी वैतागून म्हणाली, ‘जाऊन राहिलो, जाऊन राहिलो म्हणता, मंग जात काहून नाही?’

कार्तिकात गेलो. खोळ पुन्हा चढवून बायकोच्या डब्यातल्या खाकी दोऱ्याने शिवून घेतली होती. माझे टाके वेडेवाकडे होते.

अंगणात जाळं नव्हतं. सून झिंगे निवडत बसली होती. मला बघून तिने पदर सारखा केला, बसायला खाट ओढली आणि विचारायच्या आधीच म्हणाली, ‘मामाजी गेले ना जी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.’

तान्हा पोळा म्हणजे श्रावण संपतो त्याचा दुसरा दिवस. मी मनात दिवस मोजले. खोळ उसवली तेव्हा तो जिवंत होता. त्यानंतरही दीड-दोन महिने जिवंत होता. साकोलीहून इथे यायला अर्धा तास लागतो. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच.

मी बाटली पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवली. तिने उचलली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. ‘हा धागा आमचा नोय. उसवली?’

‘उसवली,’ मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. यू.एस., साल, आकडे, काळे शिपाई. मोबाईलवरचे फोटो दाखवले. माझं चुकलं, असं तीन-चार वेळा म्हणालो असेन. ती ऐकत होती, हात झिंग्यांत चालूच होते. माझं बोलणं संपल्यावर तिने हात धुतले.

‘मले काहून सांगता जी?’ ती म्हणाली. ‘मले तं पैल्यापासूनच खरं वाटे. म्हणूनच तं मी तुमाले घेऊन आली.’

मी मोबाईल खिशात ठेवला.

‘तुमी गेले त्याच्यानंतर मामाजी पारावर नाही गेले,’ ती सांगू लागली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. ‘अक्षय तृतीयेले आमी घागरी भरतो. एक मायची, एक बापाची. त्या साली मायसाठी एकच घागर भरली. म्या म्हटलं, मामाजी, दुसरी? तं म्हणे, खोट्याले कायचं पाणी? दुसऱ्या साली म्या आपल्या मनानं दोन आनल्या, तं एक पालथी करून देल्ली. तीन साल, जी. तीन साल आपल्या बापाले पाणी नाही देल्लं, अन् तसेच गेले.’

अक्षय तृतीयेला घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर्षातून एकदा, त्यांची तहान भागावी म्हणून. मी या गोष्टी फारशा मानणारा नाही. पण तापाने रस्त्याकडेला पडलेल्या त्या माणसाला परक्या मुलखातल्या, परक्या भाषेच्या शिपायाने पाणी पाजलं होतं, आणि त्याच्या पोटच्या मुलाने त्याचं पाणी तोडलं, ते माझ्या शब्दावरून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिच्यासमोर आलं याचीही मला लाज वाटली.

‘मी काय करू?’ मी विचारलं. खरंच मला कळत नव्हतं.

ती उठली. बाटलीचा गुडदा काढला, बाटली खळखळून धुतली, हातपंपावर नेऊन भरून आणली आणि माझ्या हातात दिली. खोळ ओली झाली होती, चांगलीच जड लागली.

‘तीन सण चुकले. तुमच्या शब्दानं चुकले,’ ती म्हणाली. ‘मंग तुमीच द्या. तलावावर जा अन् नाव घेऊन तीन डाव पाणी सोडा. सणाची वाट कायले पाहाची? त्याइनं लय वाट पाह्यली.’

मी बाटली घेऊन निघालो, अंगणाच्या कडेपर्यंत गेलो आणि थांबलो. नाव घेऊन पाणी सोडायचं. त्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. बाटलीची उंची, रुंदी, खोळीच्या बटणांचा व्यास, टाक्यांची संख्या, शिक्क्याची आकृती, सगळं माझ्या वहीत होतं. खिळ्याने कोरलेल्या त्या शिपायाचे चार आकडेसुद्धा मला पाठ झाले होते. ज्याला मी भर पारावर खोटं पाडलं त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

मागे वळून तिला विचारलं. तिने मान खाली घातली.

‘आजससऱ्याचं नाव मी कशी घेऊ जी?’

तिचा मोबाईल खाटेवरच पडला होता. नवऱ्याला फोन लावून विचारता आलं असतं. तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘पारावर विचारा,’ ती म्हणाली. ‘तिथल्या लोकाइले मालूम हाये.’

दुपार होती. पारावर पाच-सहा जण बसले होते. त्यातले निदान तिघे त्या दिवशीही होते. कामठीच्या बाजाराचं बोललेला माणूसही होता. त्याने मला ओळखलं, हातातल्या बाटलीकडे बघितलं आणि सरकून जागा दिली. मी बसलो नाही.

‘तुमच्या गावचा तो माणूस,’ मी म्हणालो, ‘आसामात सडकेच्या कामाला गेलेला. त्याचं नाव काय होतं?’

ते एकमेकांकडे बघू लागले. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने आठवून नाव सांगितलं, मग त्याच्या बापाचं नावही जोडलं. मी वही काढली नाही. मनातल्या मनात ते दोनदा म्हणून घेतलं.

‘अन् आता नाव कायले पाह्यजे साहेब?’ त्याने विचारलं.

बाटलीतलं पाणी खोळीतून झिरपून माझ्या मनगटावर आलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

‘त्यांना पाणी द्यायचं आहे,’ मी म्हणालो. ‘ते खरं बोलत होते. मी खोटा पडलो.’